क्रॅप्सच्या टेबलावर पैसे कुठे ठेवायचे: फाशांचा आणि अडतीचा हिशेब

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ते मुलाकडे अमेरिकेला निघालेत आणि मुलगा त्यांना लास व्हेगास दाखवणार आहे. तिथल्या कॅसिनोत क्रॅप्स नावाचा दोन फाशांचा जुगार चालतो. त्याच्या टेबलाभोवती गर्दी असते, आरडाओरडा चाललेला असतो आणि कापडावर चौकटीच चौकटी आखलेल्या असतात. त्यातल्या मूळ डावांचा अर्थ काय, नवख्याने कुठे पैसे ठेवावेत आणि कुठे मुळीच ठेवू नयेत, एवढं त्यांना समजून घ्यायचंय.

टेबल अवघड दिसतं, कारण तिथे तीस-चाळीस प्रकारचे डाव एकाच वेळी चालू असतात. तुम्हाला त्यातले तीन पुरेत. पण ते तीनच का, हे कळायला आधी फाशांचं गणित पक्कं हवं.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, चिक्कोडी भागात मराठी आणि कानडी दोन्ही घरांत चौकाबारा खेळतात. चार कवड्या टाकल्या की चारही उताण्या किंवा चारही उपड्या क्वचितच पडतात, दोन उताण्या दोन उपड्या मात्र सारख्या पडतात. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर एकूण १६ प्रकार होतात. त्यात चारही उताण्यांचा प्रकार एकच आणि दोन-दोनचे सहा. दोन फाशांचंही असंच आहे. एका फाशाची सहा तोंडं, दोघांचे मिळून ३६ प्रकार. त्यातून बेरीज ७ येते ती सहा प्रकारांनी: १-६, ६-१, २-५, ५-२, ३-४, ४-३. ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारांनी, ५ आणि ९ चार, ४ आणि १० तीन, ३ आणि ११ दोन, आणि २ व १२ फक्त एकेका प्रकाराने.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. २-५ आणि ५-२ हे एकच दान समजून तो सातचे तीनच प्रकार मोजतो. एक फासा लाल आणि एक पांढरा घेऊन बसा, मग दोन्ही दानं वेगळी दिसतात. ही चूक जुनी आहे. तीन फाशांवर ९ पेक्षा १० जास्त वेळा का येतात, हा प्रश्न गॅलिलिओपर्यंत गेला होता आणि त्याने असंच एकेक प्रकार मोजून उत्तर दिलं: २१६ पैकी ९ चे २५ प्रकार, १० चे २७.

आता खेळ. फासे टाकणाऱ्याला शूटर म्हणतात. त्याच्या पहिल्या फेकीला कम-आऊट म्हणतात. टेबलाच्या कडेने लांब पट्टा असतो, त्यावर पास लाइन लिहिलेलं असतं. तुम्ही तिथे दहा डॉलर ठेवलेत असं धरू. पहिल्या फेकीत ७ किंवा ११ आले की तुम्हाला दहाला दहा मिळतात. २, ३ किंवा १२ आले की दहा गेले. या तीन दानांना मिळून क्रॅप्स म्हणतात. ४, ५, ६, ८, ९ किंवा १० यांपैकी काही आलं तर तो आकडा पॉइंट ठरतो. डीलर, म्हणजे टेबल चालवणारा कॅसिनोचा माणूस, एक गोल चकती उलटवतो. काळी बाजू म्हणजे ऑफ, पांढरी म्हणजे ऑन. पांढरी बाजू वर करून ती चकती त्या आकड्यावर ठेवली जाते. पुढे शूटर फासे टाकत राहतो. ७ च्या आधी पॉइंट पुन्हा आला तर तुम्ही जिंकलात, पॉइंटच्या आधी ७ आले तर हरलात. मधल्या बाकीच्या दानांचा पास लाइनशी काही संबंध नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या फेकीत ७ तुमचा मित्र असतो, पॉइंट ठरल्यावर तोच वैरी होतो. कम-आऊटला जिंकण्याचे आठ प्रकार आणि हरण्याचे चार, म्हणजे तो भाग तुमच्या बाजूने असतो. पॉइंटनंतर पारडं फिरतं, कारण कुठल्याही पॉइंटपेक्षा ७ चे प्रकार जास्तच. म्हणूनच पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरचे पैसे काढून घेता येत नाहीत. सोपा भाग खेळून अवघड भागातून पळ काढता येऊ नये, म्हणून हा नियम. याच कारणाने पॉइंट ठरून गेल्यावर उशिरा येऊन पास लाइनवर पैसे ठेवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. चकती ऑन दिसली तर थांबा, ऑफ होऊ द्या.

आता अडत किती जाते ते पाहू. निपाणी किंवा बेळगावच्या बाजारात माल घातला की अडत कापली जाते, तसं कॅसिनो प्रत्येक डावात काही कापतं. फरक इतकाच की इथे ती पावतीवर दिसत नाही. खरा भाव आणि तुम्हाला दिलेला भाव यांतलं अंतर म्हणजे कॅसिनोची अडत. पास लाइनचे १९८० डाव सरासरीने घेऊ, म्हणजे सगळे आकडे पूर्ण येतात. कम-आऊटलाच ४४० जिंकले, २२० हरले. उरलेल्या १३२० डावांत पॉइंट ठरला. त्यातले ३३० डाव ४ किंवा १० वर: ११० जिंकले, २२० गेले. ४४० डाव ५ किंवा ९ वर: १७६ जिंकले, २६४ गेले. ५५० डाव ६ किंवा ८ वर: २५० जिंकले, ३०० गेले. एकूण ९७६ जिंकले आणि १००४ हरले. फरक २८ डावांचा, म्हणजे शंभराला १.४१. कॅसिनोच्या मानाने ही फार थोडी अडत आहे.

टेबलावरचा सगळ्यात चांगला डाव मात्र कापडावर छापलेलाच नसतो. त्याला ऑड्स म्हणतात. पॉइंट ठरला की तुमच्या पास लाइनच्या चिप्सच्या (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या) मागे, रेषेच्या बाहेर, जादा चिप्स ठेवायच्या. पॉइंट आला तर या जादा चिप्सना पूर्ण खरा भाव मिळतो: ४ आणि १० ला एकास दोन, ५ आणि ९ ला दोनास तीन, ६ आणि ८ ला पाचास सहा. ४ चे प्रकार तीन, ७ चे सहा, म्हणून एकास दोन हाच बरोबर भाव. यावर अडत शून्य. पास लाइनची आपली अडत भरल्यावरच तुम्हाला हा बिनअडतीचा डाव मिळतो, हे लक्षात ठेवा.

ऑड्स किती लावता येतात ते टेबलाच्या पाटीवर लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ३-४-५ पट असा नियम असतो: पॉइंट ४ किंवा १० असेल तर लाइनच्या तिप्पट, ५ किंवा ९ ला चौपट, ६ किंवा ८ ला पाचपट. आकडे असे विचित्र का? दहाच्या लाइनवर ४ ला तीस लावले तर मिळतात साठ. ५ ला चाळीस लावले तर साठ. ६ ला पन्नास लावले तरी साठच. पूर्ण ऑड्स लावणाऱ्याला देणं कायम सारखं येतं आणि डीलरचा हिशेब सोपा होतो. रक्कम मात्र भागाकार सुटेल अशी ठेवा: ५ आणि ९ ला सम आकड्याची, ६ आणि ८ ला पाचाच्या पटीत. ५ वर पंधरा लावलेत तर हिशेबाने साडेबावीस होतात, पण टेबलावर अर्धा डॉलर नसतो आणि तो तुमच्या हातून जातो. ऑड्स कधीही काढता येतात, कमी-जास्त करता येतात.

एक उदाहरण हळूहळू पाहा. लाइनवर दहा. पहिलं दान ३-२, पॉइंट ५. मागे वीस ऑड्स. पुढचं दान ६-६, काही नाही. मग ४-४, काही नाही. मग ४-१, म्हणजे पाच. लाइनचे दहाला दहा, ऑड्सचे विसाला तीस, एकूण चाळीस हातात, आणि मूळचे तीस परत. ४-१ च्या जागी ५-२ पडले असते तर सगळेच्या सगळे तीस गेले असते आणि फासे पुढच्या शूटरकडे सरकले असते.

पास लाइनच्या उलटा डाव म्हणजे डोन्ट पास. तिथे २ आणि ३ ला तुम्ही जिंकता, ७ आणि ११ ला हरता, १२ आले तर बरोबरी, आणि पॉइंटनंतर ७ आधी आले की जिंकता. काही टेबलांवर १२ ऐवजी २ ला बरोबरी असते. ती एक बरोबरी नसती तर १००४ डाव तुमचे झाले असते. १२ चे ५५ डाव वगळल्यामुळे ९४९ जिंकता, ९७६ हरता. अडत १.३६, पास लाइनपेक्षा किंचित कमी. पॉइंट ठरला की तुमची बाजू भक्कम असते, म्हणून कॅसिनो हे पैसे कधीही काढून घेऊ देतं. काढू नका. ४ किंवा १० पॉइंट असताना डोन्ट पासचे पैसे उचलणं म्हणजे जिंकत आलेला डाव सोडणं. गर्दी बहुतेक पास लाइनवर असते, त्यामुळे बाकीच्यांचे पैसे गेल्यावर तुम्ही जिंकता. अशा वेळी आनंद चेहऱ्यावर न आणणं बरं.

कम हा डाव म्हणजे पॉइंट ठरल्यानंतर सुरू करता येणारी दुसरी पास लाइन. नियम तेच, अडत तीच, ऑड्सही तसेच. फक्त तुमची पहिली फेक ही टेबलाची मधली फेक असते. पहिल्या दिवशी याची गरज नाही.

पास लाइन आणि ऑड्सनंतरचा तिसरा कामाचा डाव म्हणजे ६ किंवा ८ ची प्लेस. डीलरसमोर बारा डॉलर ठेवून सरळ आकडा सांगायचा: बारा डॉलर, सहावर. ७ च्या आधी ६ आले की सहाला सात या भावाने चौदा मिळतात. रक्कम सहाच्या पटीतच ठेवा, दहा ठेवलेत तर भाव पूर्ण मिळत नाही. हिशेब असा: ११ निकालांत पाच वेळा सात मिळाले म्हणजे ३५, सहा वेळा सहा गेले म्हणजे ३६. सहासष्टात एक, शंभराला १.५२. हाच प्लेसचा डाव ५ आणि ९ वर लावला तर पाचाला सात मिळतात आणि अडत होते ४ टक्के. ४ आणि १० वर पाचाला नऊ, अडत ६.६७. चौकट तीच, बोलण्याची रीत तीच, पण आकडा बदलला की अडत चौपटीहून जास्त. कम-आऊटच्या फेकीला प्लेसचे डाव सहसा बंद असतात, म्हणजे त्या वेळी ७ आले तरी पैसे जात नाहीत.

आता जिथे हात आखडता घ्यायचा ती जागा. फील्ड ही मोठी चौकट नवख्याला ओढते, कारण २, ३, ४, ९, १०, ११, १२ एवढे सात आकडे तुमचे आणि चारच कॅसिनोचे. पण ते चार म्हणजे ५, ६, ७, ८, आणि त्यांचे प्रकार २०. तुमच्या सात आकड्यांचे सगळे मिळून १६. २ आणि १२ ला दुप्पट देणाऱ्या टेबलावर अडत ५.५६. दोघांपैकी एकाला तिप्पट दिली तर २.७८. आकडे मोजू नका, प्रकार मोजा.

टेबलाच्या मधोमध, काठीवाल्याच्या, म्हणजे लांब काठीने फासे सरकवणाऱ्याच्या पुढ्यात, चित्रांच्या छोट्या चौकटी असतात. पुढचं दान ७ येईल हा एनी सेव्हन, एकास चार. खरा भाव एकास पाच. अडत १६.६७ टक्के. एनी क्रॅप्स म्हणजे २, ३ किंवा १२, ११.११. नुसतं ११, एकास पंधरा, तेही ११.११. नुसतं २ किंवा नुसतं १२, एकास तीस, १३.८९. हार्डवे म्हणजे जोडीने येणारं दान: ४-४ असे ८, किंवा ३-३ असे ६, एकास नऊ, ९.०९. जोडीचे ४ किंवा १०, एकास सात, ११.११. तुलनेसाठी, आपल्या जत्रांत तीन फासे आणि सहा चित्रांचा पट मांडतात, त्यात एका चित्राला एकपट, दोनाला दुप्पट, तीनाला तिप्पट दिले तर अडत ७.८७ होते. जत्रेतल्या पटापेक्षाही टेबलाचा हा मधला भाग महाग आहे.

आणि ही टक्केवारी पाहताना आणखी एक फरक लक्षात घ्या. पास लाइनचा एक निकाल लागायला सरासरी ३.४ फेकी लागतात, एनी सेव्हनचा निकाल प्रत्येक फेकीला. तासाला १०० फेकी धरल्या तर दहा डॉलरच्या पास लाइनवर सरासरी चार डॉलर अडत जाते. प्रत्येक फेकीला फक्त एक डॉलर एनी सेव्हनवर ठेवलात, तर साडेसोळाच्या वर जाते. दहाच्या डावापेक्षा एकाचा डाव चौपट महाग पडतो. ‘एकच तर डॉलर आहे’ म्हणून फेकत राहणाऱ्याचा खिसा इथेच रिकामा होतो.

भाव वाचताना एका इंग्रजी शब्दावर नजर ठेवा. १५ टू १ लिहिलं असेल तर पंधरा मिळतात आणि तुमचा एक परत येतो. १५ फॉर १ लिहिलं असेल तर तुमचा एक धरून पंधरा, म्हणजे खरे चौदाच. ११ च्या डावात एवढ्याने अडत ११.११ वरून १६.६७ वर जाते.

सरासरीने चारच डॉलर जातात म्हणून चारच घेऊन जाऊ नका. तासाला तीसेक निकाल लागतात, आणि दहाच्या नुसत्या पास लाइनवर पन्नास-पंचावन्न डॉलर इकडे-तिकडे होणं अगदी सामान्य आहे. पूर्ण ३-४-५ पट ऑड्स लावलेत तर अडत एका सेंटनेही वाढत नाही, पण चढउतार जवळजवळ पाचपट होतो, तासाला अडीचशे-पावणेतीनशेचा. म्हणून पहिल्या वेळी ऑड्स एकपट किंवा दुप्पटच ठेवा. दहाच्या टेबलासाठी दोनशे डॉलर वेगळे काढा, आणि ते गेलेच असं धरून चला.

हरल्यावर दुप्पट लावत जायची पद्धत पुष्कळ जण सुचवतील. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४० असे सात डाव सलग हरले की १२७० डॉलर गेलेले असतात, आणि पुढचा १२८० चा डाव बहुतेक टेबलाच्या कमाल मर्यादेतच बसत नाही. सलग सात हरण्याची शक्यता सुमारे ११६ मध्ये एक आहे. रात्रभर खेळणाऱ्याला ती सहज गाठू शकते. तसंच ‘बराच वेळ ७ आले नाहीत, आता येणारच’ हेही खोटं. सलग दहा फेकी ७ न येणं सोळा टक्के वेळा घडतं, आणि अकराव्या फेकीलाही ७ ची शक्यता सहात एकच राहते. २००९ मध्ये अटलांटिक सिटीत एका बाईंनी एकाच पाळीत १५४ फेकी टाकल्या, तेव्हाही प्रत्येक फेकीला शक्यता तीच होती. मनगटाच्या कौशल्याने दान पाडतो म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. फासे पलीकडच्या भिंतीवर आपटावे लागतात आणि त्या भिंतीला रबराचे टोकदार उंचवटे एवढ्याचसाठी लावलेले असतात.

जाण्याआधी घरी सराव करा, तोही चिंचोक्यांनी. शंभर चिंचोके घ्या, कागदावर पास लाइन, फील्ड आणि सहा-आठच्या चौकटी आखा, एकाला डीलर करा आणि शंभर फेकी वहीत लिहून काढा. घरातले लुडोचे फासे चालतील. त्यांचे कोपरे गोल आणि ठिपके खणलेले असतात. कॅसिनोचे फासे पारदर्शक, धारदार कडांचे, ठिपक्यांत वजनाला जुळणारा रंग भरून सपाट केलेले असतात. सरावाला हा फरक आड येत नाही. पैसे लावून मात्र खेळू नका. कर्नाटकात जुगारावर १९६३ च्या पोलीस कायद्याने बंदी आहे, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने. सरावाच्या नावाने कुणी ऍप सुचवलं आणि त्यात पैसे भरायला सांगितलं, तर तिथेच थांबा.

टेबलाजवळ गेल्यावर आधी पाटी वाचा: किमान रक्कम, कमाल रक्कम, ऑड्सची पट. किमान रक्कम झेपत नसेल तर काचेच्या घुमटात फासे उडवणारं यंत्र शोधा. नियम तेच, किमान रक्कम सहसा कमी, आणि घाई करायला कुणी नसतं. टेबलावर नोटा डीलरच्या हातात देऊ नका, तो घेणार नाही. फासे काठीवाल्यापाशी असताना नोटा कापडावर ठेवा आणि ‘चेंज’ म्हणा. फासे खेळात असताना हात कडेच्या आत घालू नका; तुमच्या हाताला फासा लागून ७ पडले तर सगळं टेबल तुमच्याकडे बघेल. तुमची पाळी आली की पुढ्यात पाचेक फासे येतात, त्यातले दोन उचलायचे, तेही एकाच हाताने. दुसऱ्या हाताला लावू नका, फुंकर मारायलाही तोंडाजवळ नेऊ नका. टाकायचं नसेल तर मान हलवा, फासे पुढच्याकडे जातात, कुणी काही म्हणत नाही. आणि टेबलावर ‘सेव्हन’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नका, तिथली मंडळी ते अशुभ मानतात.

निघताना चिप्स खिशात कोंबू नका. दोन फेकींच्या मध्ये सगळ्या चिप्स समोर ठेवून ‘कलर अप’ म्हणा. डीलर मोजून त्यांच्या बदल्यात मोठ्या किमतीच्या थोड्या चिप्स देतो, आणि त्या घेऊन तुम्ही कॅशियरच्या खिडकीवर जायचं.